अवधाण का येते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलेला मुलगा अनवाणी रानात हिंडतो. पायात बाभळीचा काटा मोडतो. बोलणी बसतील ह्या भीतीने दोन दिवस तो गप्प राहतो आणि तिसऱ्या दिवशी लंगडू लागतो. आजी त्याला जवळ ओढते, जांघेत बोट लावून पाहते आणि म्हणते, "अगं, ह्याला अवधाण आलंय. पाय बघा आधी ह्याचा!" पाय पाहतात, तो टाचेपाशी काटा सलत असतो, भोवती लाली असते, पू धरू लागलेला असतो.

हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी घडून गेला आहे. शब्दाचा उच्चार गावोगावी थोडा बदलेल, पण अनुभव तोच. आजी शरीरशास्त्र शिकली नव्हती. तरी दुखणे जांघेत दिसत असता तिने पाय तपासायला सांगितला, आणि हातावर गळू झाले की काखेत गाठ येते हेही तिला ठाऊक होते. पायातल्या काट्याची वार्ता जांघेला कशी पोचली? आणि ती पोचल्यावर जांघेने सुजावे, ठणकावे, हे कशासाठी? ह्या दोन प्रश्नांचा नीट पाठपुरावा केला तर आपल्या शरीराची सारी संरक्षणव्यवस्था हळूहळू उलगडत जाते. आज आपण एवढेच करणार आहोत.

शरीरातले दुसरे पाणी

प्रथम वाट पाहू. शरीरात रक्त फिरते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु रक्ताखेरीज आणखी एक द्रव आपल्या अंगात सतत वाहत असतो. गुडघा खरचटला की रक्त थांबल्यानंतर जे पाणचट, किंचित पिवळसर पाणी पाझरते, त्याला आपण 'लस आली' असे म्हणतो. त्याच जातीचा हा द्रव. शास्त्रीय ग्रंथांत त्याला लसीका म्हणतात.

तो येतो कोठून? केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपणाऱ्या माठासारख्या असतात. रक्तातले पाणी, मीठ, साखर आणि थोडी प्रथिने त्यांतून बाहेर झिरपतात आणि प्रत्येक पेशीला न्हाऊ घालतात. पेशींचे अन्नपाणी त्यातूनच पोचते. झिरपलेल्या पाण्याचा मोठा भाग परत रक्तात येतो, पण सगळा येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे तीन लिटर पाणी बाहेर उरते. अंगातले एकूण रक्त सुमारे पाच लिटर. म्हणजे हे उरलेले पाणी परत आणण्याची सोय नसती, तर दोन दिवसांत आपल्या रक्तवाहिन्या आटल्या असत्या आणि अंग पखालीसारखे फुगले असते.

ही सोय म्हणजे लसीकावाहिन्यांचे जाळे. त्यांची टोके पेशींच्या दाटीत हातमोज्याच्या बोटांसारखी बंद असतात. टोकाच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर पाणी साचले की त्या किलकिल्या होतात, पाणी आत शिरते, आणि आतून दाब आला की मिटतात. अशा बारीक वाहिन्या मिळून मोठ्या होतात, ओढे मिळून नदी व्हावी तशा. शेवटी पायांची, पोटाची व डाव्या अंगाची लसीका छातीतल्या एका मोठ्या नळीने डाव्या खांद्याजवळच्या शिरेत पडते. उजव्या हाताची व डोक्याच्या उजव्या भागाची लसीका उजवीकडच्या शिरेत पडते. तेथे रक्ताचे पाणी रक्ताला परत मिळते.

ह्या ओघाला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, जागोजागी असलेल्या झडपा पाण्याला मागे फिरू देत नाहीत, आणि बाकीचे काम आपले चालणे, हातपाय हलवणे आणि श्वास घेणे करते. एस. टी.त दहा तास पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या माणसाची पावले सुजतात, आणि उतरून चार फर्लांग चालल्यावर सूज ओसरते, त्यात ह्या ओघाचाही वाटा असतो.

एवढे मोठे जाळे, पण ते माणसाच्या नजरेला फार उशिरा पडले. कारण लसीकेला रंग नाही. १६२२ सालच्या जुलै महिन्यात गास्पारे असेल्ली ह्या इटालियन वैद्याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्यांवर पांढरे धागे पसरलेले त्याला दिसले. त्याला वाटले, ह्या नसा असाव्यात. एक धागा टोचताच दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला. खाल्लेल्या अन्नातली चरबी लसीकावाहिन्यांतूनच वाहून नेली जाते, म्हणून जेवणानंतर त्या पांढऱ्या होतात. उपाशी प्राण्यात त्या दिसल्या नसत्या. पुढे १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके याने छातीतली मोठी नळी शोधली, आणि लवकरच स्वीडनच्या रुडबेक व डेन्मार्कच्या बार्टोलिन ह्यांनी हे जाळे सर्व शरीरभर असल्याचे दाखवले. वाट सापडली, पण वाटेवरच्या चौक्यांचे काम कळायला मात्र आणखी तीनशे वर्षे जावी लागली.

वाटेवरच्या चौक्या

ह्या चौक्या म्हणजे लसीका ग्रंथी. मुगापासून वालाच्या दाण्याएवढ्या, मऊ. शरीरात त्या सुमारे पाचशे ते सातशे असतात. जबड्याखाली, मानेत, काखेत, जांघेत आणि पोटात आतड्यांच्या मागे त्यांचे पुंजके असतात. पायाकडून येणारी लसीका जांघेच्या ग्रंथींतून गेल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. हाताची लसीका काखेतून जाते. घसा, दात, कान ह्यांची मानेतून. आजीच्या ज्ञानाचा नकाशा हाच. तिला वाहिन्या दिसल्या नव्हत्या, पण कोणत्या मुलखाचे पाणी कोणत्या चौकीवर येते हे तिने अनुभवाने ओळखले होते.

ग्रंथीत अनेक वाहिन्या पाणी आणून सोडतात आणि एखाददुसरीच ते बाहेर नेते. आत पाण्याची गती मंदावते, बारीक तंतूंच्या जाळीतून ते गाळले जाते, आणि जाळीत दबा धरून बसलेल्या भक्षक पेशी वाहून आलेले जंतू गिळतात. बराच काळ लोकांची समजूत अशी होती की ग्रंथी म्हणजे नुसते गाळणे. ते खरेच आहे, पण पुरते नाही. गाळण्यात गाळ साचला म्हणून गाठ सुजत नाही. ती का सुजते हे पाहण्यासाठी पुन्हा काट्यापाशी जाऊ.

काटा मोडल्यावर

कातडी हा आपला तट. काटा तट फोडतो आणि आपल्याबरोबर मातीतले हजारो जंतू आत नेतो. कातडीखाली भक्षक पेशी मुक्कामालाच असतात. परक्या जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात, ज्या आपल्या पेशींवर नसतात. त्या खुणा लागताच भक्षक पेशी जंतूंना गिळू लागतात आणि रासायनिक हाक देतात. त्या हाकेने जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, भिंती अधिक झिरपू लागतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतींतून बाहेर पडून जखमेकडे धाव घेतात. लाली, उष्णता, सूज आणि ठणका ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहेत. ती सारी ह्या धावपळीची बाहेरून दिसणारी चिन्हे होत. पू म्हणजे बहुतांशी ह्या लढाईत खर्ची पडलेल्या पांढऱ्या पेशीच.

ह्या भक्षकांचा शोधही एका काट्यानेच लावला. १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेसिना गावी राहत होता. तारामाशाची डिंभके काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने त्यांच्या अंगात बारीक काटे खुपसून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती हलत्या पेशींची दाटी झालेली होती. पेशी शत्रूला गिळून शरीराचे रक्षण करतात ही कल्पना तेथे जन्मली. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला व पाउल एर्लिक ह्याला विभागून मिळाले.

भक्षकांचे काम जलद होते, पण ते सर्वांना एकाच मापाने मोजतात. खरूज असो वा गोवर, त्यांची रीत फारशी बदलत नाही. अनेक जंतू ह्या रिवाजाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी शरीराजवळ दुसरी, धिमी पण नेमकी व्यवस्था आहे, आणि ती चालते ग्रंथींत.

लाखात एकीची भेट

लसीका पेशी ह्या पांढऱ्या पेशींपैकीच एक जात. शरीरात त्या एक ते दोन लाख कोटी असाव्यात असा अंदाज आहे. त्यांतली प्रत्येक पेशी जन्मतःच एका विशिष्ट आकाराची खूण ओळखण्यापुरती घडलेली असते, जणू प्रत्येकीच्या कमरेला एकच किल्ली आणि ती एकाच कुलपाला लागणारी. इतक्या तऱ्हांच्या किल्ल्या घडवायला शरीराजवळ इतके साचे कोठून आले, हे कोडे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा याने १९७६ पासूनच्या आपल्या कामाने उलगडले: थोड्याच जनुकांचे तुकडे प्रत्येक पेशीत वेगवेगळ्या रीतीने जुळवले जातात, जशी मूठभर मुळाक्षरांतून सारी भाषा व्हावी.

ह्या व्यवस्थेत एक अडचण उघड आहे. एखाद्या विशिष्ट जंतूला ओळखणारी पेशी लाखात एखादीच. काटा रुतला टाचेत. ती नेमकी पेशी त्या घटकेला कोठे असेल कोण जाणे. टाचेत बसून तिची वाट पाहिली तर जन्म जायचा. तेव्हा शरीर काय करते? ते भेटीची जागा ठरवून ठेवते. बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस एकाच मैदानात येतो, म्हणून ज्याला ज्याची गाठ घ्यायची त्याची ती पडते. ग्रंथी म्हणजे असे बाजाराचे मैदान.

जखमेकडून काही विशेष पेशी निघतात. त्यांच्या अंगाला फांद्या फुटलेल्या असतात म्हणून त्यांना शाखी पेशी म्हणू. त्यांचे कार्य राल्फ स्टाइनमन व झानविल कोन ह्यांनी १९७३ पासून उजेडात आणले. ह्या पेशी जंतू गिळतात, त्याचे तुकडे करून आपल्या अंगावर मांडतात आणि लसीकेच्या ओघातून जांघेच्या ग्रंथीत येतात. ह्याला सुमारे एक दिवस लागतो. दुसऱ्या बाजूने लसीका पेशी रक्तातून ग्रंथीत उतरतात, काही तास हिंडतात, आपल्या किल्लीचे कुलूप दिसले नाही तर लसीकेच्या ओघाने पुन्हा रक्तात जातात आणि दुसऱ्या ग्रंथीत उतरतात. ही अखंड फेरी जेम्स गॉवन्स याने १९५० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे उंदरांवरच्या प्रयोगांनी सिद्ध केली. त्याआधी ह्या पेशी अल्पायुषी आणि निरुपयोगी असाव्यात असे मानणारेही होते.

भेट झाली की चित्र पालटते. ती एकटी पेशी थांबते, मोठी होते आणि दुभंगू लागते. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. चारपाच दिवसांत तिच्याच किल्लीच्या हजारो पेशी तयार होतात. त्या मुदतीत ग्रंथी आपले बाहेरचे दार काही काळ आवळून धरते आणि आतले दार सताड उघडते, म्हणजे येणाऱ्या पेशी जास्त, जाणाऱ्या कमी. वालाएवढी ग्रंथी बोराएवढी होते. तिच्यावरचे आवरण ताणले जाते, म्हणून ती दुखते.

हेच अवधाण. काट्याची वार्ता जांघेला कशी पोचली ह्याचे उत्तर लसीकेच्या ओघात आहे, आणि जांघ का सुजली ह्याचे उत्तर ह्या भेटीत आहे. काटा निघाला, जखम निवळली, की सात-आठ दिवसांत अवधाण आपोआप बसते. ते शेकून, चोळून, दाबून जिरवण्यात अर्थ नाही, आणि काही खेड्यांत गाठीवर डाग देतात तो तर निव्वळ अघोरीपणा आहे. इलाज करायचा तो पायावर. आजीने नेमके तेच सांगितले होते.

आपले आणि परके

ग्रंथीत तयार झालेल्या पेशींच्या दोन मुख्य जाती. एक जात प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंड म्हणजे रक्तात सोडलेली किल्लीच. ती जंतूला किंवा त्याच्या विषाला जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते किंवा भक्षकांच्या हवाली करते. एक पेशी सेकंदाला हजारांच्या संख्येने ती सोडते. दुसरी जात आपल्याच ज्या पेशींत विषाणू शिरला असेल त्यांना हुडकून मारते, आणि तिच्यातली काही मंडळी इतर सर्वांना हुकूम पोचवतात.

ही दुसरी जात छातीच्या हाडामागे असलेल्या यौवनलोपी ग्रंथीत शिकून बाहेर पडते. वयाबरोबर आक्रसत जाणाऱ्या ह्या ग्रंथीचे कार्य जॅक मिलर याने १९६१ मध्ये शोधले. तिच्यात होणारी परीक्षा मोठी कडक असते. आपल्याच शरीराच्या खुणेला जी किल्ली लागते ती पेशी तेथेच नष्ट केली जाते. शंभरातल्या नव्वदांहून अधिक परीक्षार्थी बाद होतात. जंतूला ओळखण्याइतकेच स्वकीयाला न मारणे महत्त्वाचे, हा ह्या शाळेचा धडा.

तरी काही चुकार पेशी सुटतातच. मग सांध्यांवर हल्ला होऊन संधिवाताचा एक प्रकार होतो, स्वादुपिंडावर होऊन लहान मुलांचा मधुमेह होतो. कधी फुलांचे पराग किंवा शेंगदाणा अशा निरुपद्रवी वस्तूवर शरीर तुटून पडते आणि जीव गुदमरण्यापर्यंत वेळ येते. ह्या दुखण्यांत बळ कमी पडलेले नसते, ओळख चुकलेली असते. अमुक चूर्ण घ्या, प्रतिकारशक्ती दुप्पट होईल, अशी जाहिरात वाचली की आम्हांला हे आठवते. प्रतिकारशक्ती ही टाकीतले पाणी नव्हे की ओतले आणि पातळी चढली. पुरेसे अन्न, झोप, स्वच्छ पाणी ह्यांची तिला गरज आहे, उपासमारीने ती खचते, हे खरे. पण तिचे सार आहे ओळख आणि आठवण ह्यांत.

आठवण

लढाई संपली की वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात. थोड्या मात्र मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आता लाखात एक शोधण्याची गरज नसते. पुष्कळ जणी तयारच असतात. पहिल्या वेळी ज्याला आठवडा लागला ते काम दोनतीन दिवसांत उरकते, पुष्कळदा आपल्याला कळतही नाही.

ही आठवण किती टिकते? अटलांटिक महासागरातल्या फारो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे तेथे गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये तो पुन्हा आला आणि बेटावरची बहुसंख्य माणसे आजारी पडली. पेटर पानुम ह्या तरुण डॅनिश डॉक्टरने बारकाईने चौकशी केली, तेव्हा दिसले की १७८१ मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना ह्या खेपेला तो झाला नाही. पासष्ट वर्षांपूर्वीची ओळख त्यांच्या शरीराने जपून ठेवली होती.

रोग न होऊ देता ही आठवण देता आली तर? एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गायीच्या देवीच्या फोडातले पाणी एका मुलाच्या दंडात टोचले आणि पुढे त्याला खऱ्या देवीची बाधा होत नाही असे दाखवले. ही लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत, मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले लसीकरण. फोडातून पाझरणारी लस आणि डॉक्टर टोचतो ती लस ह्यांना मराठीत एकच शब्द आहे, त्यात त्या काळाची आठवण राहून गेली आहे. मे १९७५ नंतर भारतात देवीचा एकही स्थानिक रोगी सापडला नाही, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर केले.

लस टोचल्यावरही काम ग्रंथीतच होते. २०२१ मध्ये करोनाची लस दंडात घेतल्यावर काही जणांच्या काखेत गाठ आली आणि घरोघरी घाबरगुंडी उडाली. ते काखेतले अवधाणच होते. चौकी कामाला लागल्याची ती खूण होती.

आपल्या काट्याकडे पुन्हा एकदा येऊ, कारण येथे एक गोष्ट जिवावरची आहे. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. त्यांचे विष इतके जहाल की माणूस मारायला जेवढे पुरते, तेवढ्याने शरीराला त्याची ओळख पटत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. ही एक आठवण निसर्ग देत नाही, ती लसीनेच द्यावी लागते आणि मधून मधून ताजी करावी लागते. काटा, खिळा, पत्रा लागल्यावर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी ती ह्यासाठी.

चौकी जेव्हा पडते

आतापर्यंत आपण चौकीचा विजय पाहिला. पण प्रत्येक गाठ विजयाची नसते, आणि हे विसरल्याने घरे बसली आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी काही रोग्यांच्या तापाबरोबर जांघेत गाठ पाहिली आणि हा प्लेग आहे असे निदान केले. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत. वाट तीच, चौकी तीच. परंतु प्लेगच्या जंतूंजवळ भक्षक पेशींना निष्प्रभ करण्याची साधने आहेत. ते चौकीत मारले जात नाहीत, तेथेच घर करून वाढतात आणि तेथून रक्तात उतरतात. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्सांद्र येर्सांने हा जंतू अशाच गाठीतून काढून ओळखला होता. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी सोजीर घराघरात शिरले ते माणसांच्या काखाजांघांतल्या ह्याच गाठी शोधत. त्या तपासणीच्या रीतीने उसळलेला संताप आणि २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेली गोळी, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साली १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. आणि त्याच साली १० जानेवारीला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस वाल्देमार हाफकिन ह्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये दिले गेले.

प्लेगची दहशत सरली, पण दुसऱ्या गाठी आहेत. मानेत एकापाठोपाठ एक, फारशा न दुखणाऱ्या गाठी येतात, त्यांना आपण गंडमाळा म्हणतो. पुष्कळदा तो ग्रंथींचा क्षय असतो. क्षयाच्या जंतूला भक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो त्यांच्याच पोटात राहतो. नियमाने आणि पूर्ण मुदतीपर्यंत औषध घेतल्यास हा रोग बरा होतो. हत्तीपायाचे सुतासारखे कृमी डासांमार्फत शिरून लसीकावाहिन्यांतच संसार थाटतात. पाणी परतीची वाट तुंबते आणि पाय सुजत जातो. विदर्भाच्या काही जिल्ह्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. तेथे आरोग्यखाते घरोघर गोळ्या देते तेव्हा 'मला तर काही झाले नाही, मी का घेऊ' असे म्हणून पुष्कळ जण त्या बाजूला ठेवतात. पण ज्याच्या पायाला सूज नाही त्याच्या रक्तातही कृमींची पिले असू शकतात, आणि डास ती शेजाऱ्याला पोचवतो. एड्सचा विषाणू तर हुकूम पोचवणाऱ्या पेशींतच शिरतो, म्हणजे चौकीच्या जमादारालाच फितवतो. आणि कर्करोगाच्या पेशीही ह्याच ओघातून पसरतात. म्हणूनच स्तनाच्या गाठीची तपासणी करताना डॉक्टर काख चाचपून पाहतात.

तेव्हा अवधाण कोणते आणि धोक्याची गाठ कोणती, हे कसे ओळखावे? निदान डॉक्टरनेच करावयाचे. पण डॉक्टरकडे केव्हा जायचे हे तरी आपल्याला कळले पाहिजे. गाठ दुखते आहे, जवळपास जखम किंवा घसादुखी आहे, आणि दिवसागणिक ती उतरते आहे, तर ती बहुधा चौकीची रोजची कामगिरी असते. गाठ दोनतीन आठवड्यांत बसली नाही, वाढतच चालली, कठीण लागते आणि दुखत नाही, गळ्याच्या हाडाच्या वर आली आहे, किंवा तिच्यासोबत बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे आहेत, तर थांबू नये. आणि जखमेपासून वर चढत जाणारी तांबडी रेघ दिसली, थंडी वाजून ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जंतू चौकीकडे निघाले आहेत असा त्याचा अर्थ. एक ध्यानात ठेवण्यासारखे आहे: दुखणारी गाठ माणसाला डॉक्टरकडे नेते, न दुखणारी नेत नाही. म्हणून न दुखणाऱ्या गाठीकडे लक्ष अधिक द्यावे. आपल्या घरांतल्या बायका स्वतःच्या अशा गाठीविषयी महिनोन्‌महिने बोलत नाहीत. दुखत नाही ना, मग कशाला खर्च, असे म्हणतात. त्यांना विचारणे हे घरातल्या इतरांचे काम आहे.

शरीराचा पहारा सर्वज्ञ नाही. त्याला मन नाही, हेतू नाही. चौकी, जमादार, बाजार हे शब्द आम्ही समजुतीसाठी वापरले. तो शिकतो, आठवतो, कधी चुकतो आणि कधी फसतो. जेथे तो शिकू शकत नाही तेथे लस त्याला शिकवते, आणि जेथे तो हरतो तेथे औषध त्याच्या मदतीला जाते. आपल्याकडून त्याला एवढेच हवे आहे की त्याची खूण दिसली तर ती वाचावी.

आजीने जांघेतली गाठ पाहिली आणि पाय तपासायला लावला. गाठीने सांगितलेले तिने ऐकले. मुलाचा काटा निघाला, तो चार दिवसांत पुन्हा रानात पळाला. पुढच्या खेपेला त्याच्या पायात चपला होत्या की नाही, हे मात्र शरीरशास्त्रात सापडत नाही.